वाटाण्याच्या वाफ्यातले धर्मगुरू : फादर ग्रेगर मेंडेल



थंडी पडू लागली की आपल्या पंचवटीच्या बाजारात हिरव्या वाटाण्याचे ढीग लागतात. रविवारची मिस्सा आटोपून घरी जाताना पिशवीत किलोभर शेंगा असतातच. दुपारी घरातली माणसे सोलायला बसतात आणि निम्मे दाणे मुलांच्या तोंडात जातात. या शेंगा सोलताना एका धर्मगुरूंची आठवण व्हावी, म्हणून आम्ही आजचा हा लेख लिहीत आहोत. त्यांनी मठाच्या बागेत आठ वर्षे वाटाणा पेरला, खुडला आणि मोजला. जन्मजात आजार असलेल्या बाळाच्या आईवडिलांना डॉक्टर आज जो हिशेब समजावून सांगतात, तो पहिल्यांदा त्या वाफ्यात मांडला गेला.

लेख लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. एखादे मूल व्यंग घेऊन जन्माला आले, की आपल्याकडे पहिला प्रश्न आजाराचा नसतो. दोष कोणाचा, हा असतो. ग्रहणात विळीवर भाजी चिरली म्हणून बाळाचा ओठ फाटला. सुनेच्या माहेरच्या रक्तातच खोट आहे. आईबापांनी काहीतरी पाप केले असेल, ते लेकराला भोगावे लागते. अशी वाक्ये फक्त शेजारच्या आळीत बोलली जातात असे नाही. रविवारी देवळात येणाऱ्या आपल्या घरांतही ती बोलली जातात. आणि बहुतेक वेळा ती ऐकून घ्यावी लागतात ती बाळाच्या आईला. फादर मेंडेल यांचे चरित्र या प्रश्नाला फार सरळ उत्तर देते.

शेतकऱ्याचे पोर

२० जुलै १८२२ रोजी हाइनत्सेनडॉर्फ नावाच्या खेड्यात त्यांचा जन्म झाला. हे गाव तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते, आज ते झेक प्रजासत्ताकात आहे. स्नानसंस्काराच्या वेळी बाळाचे नाव योहान ठेवले. वडील अँटोन यांची थोडी शेती होती, पण आठवड्यातले तीन दिवस त्यांना जमीनदाराच्या शेतावर वेठीने राबावे लागे. आईचे नाव रोझिना. वेरोनिका ही मोठी बहीण आणि तेरेझिया ही धाकटी.

वडिलांना फळझाडांची आवड होती. गावचे धर्मगुरू फादर श्रायबर हेही हौसेने फळझाडे लावणारे. ते गावकऱ्यांना चांगल्या जातीची कलमे देत आणि कलम कसे बांधायचे ते शिकवत. लहानगा योहान हे सारे बघत वाढला. आपल्या नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको. खुंटावर डोळा भरला की वाण तसाच्या तसा उतरतो, पण बी लावले तर पुढे काय निघेल याचा भरवसा नाही. असे का होते? आईबापांचे गुण पोरांत उतरतात ते कोणत्या नियमाने? या मुलाने पुढे आयुष्यात हाच प्रश्न हाती घेतला.

शाळेतल्या गुरुजींनी मुलाची हुशारी ओळखली. बाराव्या वर्षी तो घरापासून दूर ट्रोपाऊ गावच्या शाळेत गेला. घरच्यांना पूर्ण जेवणाचे पैसे भरणे शक्य नव्हते, त्यामुळे त्याचे दिवस अर्धपोटी गेले. १८३८ मध्ये झाडाचा ओंडका अंगावर येऊन वडील जायबंदी झाले आणि घरून येणारी मदत जवळजवळ थांबली. योहान शिकवण्या घेऊ लागला. काळजीने आणि उपासमारीने तो आजारी पडला, काही महिने घरी अंथरुणाला खिळून राहिला. पुढचे शिक्षण थांबणार असे दिसू लागले, तेव्हा धाकट्या तेरेझियाने आपल्या लग्नासाठी ठेवलेल्या रकमेतला वाटा भावाला दिला.

भावाने हे ऋण विसरू दिले नाही. पुढे तिच्या तिन्ही मुलांच्या शिक्षणाचा भार त्यांनी उचलला. त्यांपैकी दोघे डॉक्टर झाले.

आजाऱ्याच्या खाटेपाशी

१८४३ च्या ऑक्टोबरात, एकविसाव्या वर्षी, योहान ब्रुन गावच्या संत थॉमस मठात दाखल झाला. ब्रुन म्हणजे आजचे ब्रनो शहर. मठ ऑगस्टिनियन संघाचा होता. तेथे त्यांना ग्रेगर हे नाव मिळाले. पोटाच्या विवंचनेतून सुटका व्हावी हेही मठात जाण्यामागचे एक कारण होते, हे त्यांनी पुढे स्वतःच प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे. देवाचे बोलावणे प्रत्येकाला वेगळ्या वाटेने येते, इतकेच आपण म्हणू या.

मठाधिपती सिरिल नाप हे मोठ्या मनाचे गृहस्थ होते. शेती, फळबागा, मेंढ्यांची पैदास यांत त्यांना रस होता, आणि आपल्या व्रतस्थ बंधूंनी अभ्यास करावा असा त्यांचा आग्रह असे. ६ ऑगस्ट १८४७ रोजी ग्रेगर यांना गुरुदीक्षा मिळाली आणि त्यांना धर्मग्रामाच्या कामावर नेमण्यात आले. त्यात इस्पितळातल्या आजाऱ्यांना भेट देणे, मरणाच्या दारी असलेल्यांच्या उशाशी बसणे हे काम होते.

हे काम त्यांना झेपले नाही. दुसऱ्याचे दुःख पाहिले की ते इतके व्याकूळ होत की स्वतःच आजारी पडत. आपल्याला हे वाचून आश्चर्य वाटेल, कारण आजाऱ्यांना भेटणे हे तर धर्मगुरूचे पहिले काम. पण नाप यांनी त्यांना रागावून घालवले नाही. हा माणूस रुग्णाच्या खाटेपाशी उभा राहू शकत नाही, पण अभ्यासात कष्टाळू आहे, हे त्यांनी बिशपांना कळवले आणि १८४९ मध्ये त्यांना स्नाइम गावच्या शाळेत शिकवायला पाठवले.

पुढे जे घडले त्याकडे पाहिले की आम्हाला यात देवाची योजना दिसते. जो धर्मगुरू आजाऱ्यांकडे पाहू शकला नाही, त्याच्याच हातून जगभरच्या आजारी बाळांसाठी एक मोठे काम होऊन गेले.

दोनदा नापास

शिक्षक म्हणून ते विद्यार्थ्यांचे आवडते होते, पण कायम नोकरीसाठी सरकारी परीक्षा पास होणे भाग होते. १८५० मध्ये ते परीक्षेला बसले आणि नापास झाले. नाप यांनी त्यांना व्हिएन्नाच्या विद्यापीठात पाठवले. १८५१ ते १८५३ या काळात त्यांनी तेथे पदार्थविज्ञान, गणित आणि वनस्पतिशास्त्र शिकून घेतले. कोणतीही गोष्ट मोजून, आकड्यांत मांडून तपासायची, ही सवय त्यांना तेथे लागली. परत आल्यावर ते ब्रुनच्या शाळेत शिकवू लागले. १८५६ मध्ये पुन्हा परीक्षेला बसले आणि पुन्हा अपयश आले. त्यानंतर त्यांनी तो नाद सोडला. पुढची बारा वर्षे ते बदली शिक्षक म्हणूनच शिकवत राहिले.

दहावी-बारावीत आपली मुले नापास होतात तेव्हा घरात जे वातावरण होते, ते आपण जाणतो. ज्यांचे नाव आज प्रत्येक शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे, ते शिक्षकाच्या परीक्षेत दोनदा अपयशी ठरले होते, हे मुलांना जरूर सांगावे.

वाफ्यातला हिशेब

मठाच्या आवारात त्यांच्याकडे जमिनीचा एक लहान तुकडा होता, सुमारे ३५ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद. त्यांनी वाटाण्याच्या ३४ जाती आणल्या, दोन वर्षे नुसत्या लावून पाहिल्या आणि शुद्ध निघालेल्या २२ जाती निवडल्या. १८५६ ते १८६३ या आठ वर्षांत त्यांनी सुमारे २८ हजार झाडे तपासली. फूल उमलण्याआधी चिमट्याने पुंकेसर काढायचे, दुसऱ्या झाडाचे पराग त्यावर लावायचे, मग फुलाला पिशवी बांधायची म्हणजे किडे येऊन घोटाळा करणार नाहीत. हे सारे शाळा आणि प्रार्थनेच्या वेळा सांभाळून चालले होते.

त्यांनी सात गुण निवडले. दाणा गोल की सुरकुतलेला, पिवळा की हिरवा, झाड उंच की बुटके, असे. गोल दाण्याच्या झाडाचा सुरकुतलेल्या दाण्याच्या झाडाशी संकर केला तर सारे दाणे गोल आले. सुरकुती कुठे गेली? त्यांनी ते गोल दाणे पेरले. पुढच्या पिढीत ७,३२४ दाणे मिळाले. त्यांतले ५,४७४ गोल होते आणि १,८५० सुरकुतलेले. म्हणजे जवळजवळ तीनास एक. हरवलेली सुरकुती परत आली होती. बाकीच्या गुणांतही तेच प्रमाण दिसले.

यावरून त्यांनी जे अनुमान काढले ते असे. प्रत्येक गुणासाठी झाडात दोन घटक असतात, एक बापाकडून आलेला, एक आईकडून. पुढच्या पिढीला देताना त्यांतला कोणता तरी एकच जातो. नाणे उडवल्यावर छापा पडेल की काटा, हे जसे आपल्या हाती नाही, तसेच हे. दोन घटक वेगळे असले तर एक वर दिसतो, दुसरा आत दडून राहतो. पण दडलेला घटक मरत नाही. तो जसाच्या तसा पुढे जातो आणि दोन दडलेले घटक एकत्र आले की गुण पुन्हा प्रकट होतो. गोल दिसणाऱ्या दाण्यांपैकी कितींच्या पोटात सुरकुती दडली आहे तेही त्यांनी तपासले. ५६५ झाडांपैकी ३७२ झाडांत ती निघाली, म्हणजे तीनांतल्या दोघांत. वरून पाहिले तर सारे सारखेच.

या घटकांना आज आपण जनुके म्हणतो. वर दिसणाऱ्याला प्रभावी आणि दडणाऱ्याला अप्रभावी म्हणतात.

दाणा सुरकुततो का, याचे कारण १९९० मध्ये इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी शोधून काढले. दाण्यातल्या साखरेचा नीट स्टार्च होण्यासाठी एक एन्झाइम लागते. ते कसे तयार करायचे याची सूचना एका जनुकात असते. सुरकुतलेल्या वाटाण्यात त्या जनुकात मध्येच एक जास्तीचा तुकडा शिरलेला आहे, त्यामुळे सूचना बिघडली आहे. स्टार्च कमी होतो, साखर उरते, दाणा जास्त पाणी धरतो आणि वाळला की आक्रसतो. बाजारातला गोड हिरवा वाटाणा बहुधा याच सुरकुतणाऱ्या जातींचा असतो. दोन जनुकांपैकी एक जरी चांगले असले तरी काम भागते, म्हणून दाणा गोल राहतो. दोन्ही बिघडलेली आली तरच सुरकुती पडते. वाचकांनी हे वाक्य लक्षात ठेवावे, पुढे त्याची गरज आहे.

न ऐकलेला माणूस

८ फेब्रुवारी आणि ८ मार्च १८६५ रोजी ब्रुनच्या निसर्गविज्ञान मंडळात त्यांनी आपले काम वाचून दाखवले. मंडळींनी ऐकून घेतले, पण त्यातले महत्त्व कोणाच्या ध्यानात आले नाही. १८६६ मध्ये निबंध छापून आला. त्याच्या ४० प्रती काढून त्यांनी काही विद्वानांना पाठवल्या. म्युनिकच्या नेगेली नावाच्या प्राध्यापकांनी पत्रे लिहिली, पण त्यांनाही मर्म कळले नाही. त्यांच्या सांगण्यावरून फादर मेंडेल यांनी दुसऱ्या एका रानटी झाडावर प्रयोग केले, तिथे वाटाण्याचा नियम जुळेना. त्या झाडाची बी बहुधा संकराशिवायच तयार होते, हे त्या काळी कोणालाच माहीत नव्हते.

१८६८ मध्ये नाप यांच्या निधनानंतर मेंडेल मठाधिपती झाले. कामाचा व्याप वाढला. १८७४ मध्ये सरकारने मठांवर नवा कर बसवला. तो अन्यायाचा आहे असे त्यांचे मत होते, म्हणून त्यांनी तो भरायला नकार दिला. सरकारने मठाच्या जमिनी ताब्यात घेतल्या, तरी ते हटले नाहीत. मधमाश्या पाळणे आणि रोजचे हवामान टिपून ठेवणे एवढाच विरंगुळा राहिला. मूत्रपिंडाच्या आजाराने ६ जानेवारी १८८४ रोजी, प्रभुप्रकटीकरणाच्या सणाच्या दिवशी, त्यांनी देह ठेवला. अंत्यविधीला गोरगरीब मोठ्या संख्येने आले होते. गावाने एक दानशूर मठाधिपती गेला म्हणून शोक केला. एक थोर शास्त्रज्ञ गेला, हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्यांचे बरेचसे कागद जाळून टाकण्यात आले.

आपली वेळ येईल, असे ते मित्राला सांगत असत, अशी आठवण आहे. ती वेळ १९०० मध्ये आली. तीन वेगवेगळ्या देशांतले तीन शास्त्रज्ञ आपापल्या प्रयोगांतून त्याच नियमापाशी पोहोचले आणि जुनी पुस्तके चाळताना त्यांना कळले, की एका धर्मगुरूंनी हे ३४ वर्षांपूर्वीच छापून ठेवले आहे.

वाफ्यातून पाळण्याकडे

१९०२ मध्ये लंडनचे डॉक्टर गॅरॉड यांनी एक जन्मजात आजार मेंडेल यांच्या नियमाने चालतो असे दाखवले. आईबाप दोघेही निरोगी, पण दोघांतही एकेक बिघडलेले जनुक दडलेले. ज्या बाळाला दोन्हीकडून बिघडलेले मिळाले, तेच आजारी. अगदी सुरकुतलेल्या दाण्यासारखे.

आपल्या महाराष्ट्रातली उदाहरणे घेऊ. १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवा रक्तगट शोधून काढला, ज्याला आज सारे जग बॉम्बे रक्तगट म्हणते. तो फार थोड्या लोकांत सापडतो आणि त्यांना दुसऱ्या कोणत्याही गटाचे रक्त चालत नाही. तोही दोन दडलेली जनुके एकत्र आल्यावरच दिसतो. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्ये काम करणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि डॉ. संघवी यांनी १९४९ च्या सुमारास आपापल्या जातीतच लग्ने करणाऱ्या सहा समाजांतल्या आनुवंशिक गुणांची पाहणी केली होती. पिढ्यान् पिढ्या एकाच लहान वर्तुळात लग्ने झाली, की दडलेली जनुके एकमेकांना भेटण्याची शक्यता वाढते.

नंदुरबार, गडचिरोली यांसारख्या आदिवासी जिल्ह्यांत सिकलसेलचा आजार बऱ्याच कुटुंबांत आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, मुलाला वारंवार वेदना होतात, रक्त कमी पडते. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. बाळ वाहक होण्याची शक्यता चारात दोन आणि पूर्ण मोकळे असण्याची चारात एक. एक मूल आजारी झाले म्हणजे पुढची तीन सुटली, असा याचा अर्थ नाही. नाणे प्रत्येक वेळी नव्याने उडते. वाहक आहोत की नाही हे साध्या रक्ततपासणीत कळते. २०२३ मध्ये केंद्र सरकारने या आजाराच्या निर्मूलनासाठी देशव्यापी मोहीम सुरू केली आहे.

आता लहान मुलांच्या कर्करोगाकडे वळू. मुलांना होणाऱ्या बहुतेक गाठी आईबापांकडून आलेल्या नसतात. सुमारे दहातल्या एका मुलातच जन्मतः बिघडलेले जनुक सापडते. त्यांतला नीट समजलेला आजार म्हणजे डोळ्याच्या पडद्यावरची गाठ, रेटिनोब्लास्टोमा. साधारण पाच वर्षांच्या आतल्या मुलांना ती होते. अमेरिकेतले डॉक्टर नडसन यांनी १९७१ मध्ये ४८ मुलांच्या नोंदी अभ्यासून तिचे कोडे उलगडले. पेशींच्या वाढीला आवर घालणारे एक जनुक असते. त्याच्या दोन प्रती असतात, आणि एक चांगली असली तरी काम भागते. काही बाळांत एक प्रत जन्मापासूनच बिघडलेली असते. पुढे डोळ्यातल्या एखाद्या पेशीत दुसरीही बिघडली की आवर सुटतो आणि गाठ होते. अशा मुलांना अनेकदा दोन्ही डोळ्यांत गाठी होतात, आणि मोठेपणी त्यांच्या प्रत्येक अपत्याला ती बिघडलेली प्रत जाण्याची शक्यता दोनात एक असते. ज्यांच्या दोन्ही प्रती जन्मतः चांगल्या असतात, त्यांच्यात एकाच पेशीत दोन्ही बिघाड व्हावे लागतात, म्हणून गाठ बहुधा एकाच डोळ्यात आणि थोडी उशिरा येते. १९८६ मध्ये हे जनुक प्रत्यक्ष हाती लागले.

ज्या मुलांत बिघाड जन्मतः असतो, त्यांच्यापैकीही बहुतेकांच्या आईवडिलांत तो नसतोच. तो त्या बाळाच्या वेळीच नव्याने घडलेला असतो. प्रत उतरवताना लेखनिकाच्या हातून एखादे अक्षर चुकावे तसा.

सर्वच जन्मजात दोष इतक्या सरळ नियमाने चालत नाहीत, हेही सांगायला हवे. डाउन सिंड्रोममध्ये २१ व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते, हे १९५९ मध्ये फ्रान्समध्ये लजून, गोतिए आणि त्युर्पँ यांनी दाखवले. फाटलेला ओठ, हृदयाचे छिद्र यांत अनेक जनुके आणि गरोदरपणातली परिस्थिती यांचा मिळून वाटा असतो. पण ग्रहण आणि विळी यांचा त्यात कोठेही संबंध नाही.

आपण काय करावे

योहानच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाची कथा आहे. शिष्यांनी प्रभूला विचारले की हा आंधळा जन्मला तो कोणाच्या पापामुळे, याच्या की आईबापांच्या. प्रभूने दोन्ही नाकारले आणि त्या माणसाला दृष्टी दिली. आम्हाला वाटते, फादर मेंडेल यांचा वाटाण्याचा हिशेब हे त्या उत्तराचेच एक स्पष्टीकरण आहे. कोणता घटक बाळाकडे जाईल हे आईही ठरवत नाही, बापही ठरवत नाही. आपल्यापैकी प्रत्येकात, वरून कितीही निरोगी दिसलो तरी, काही बिघडलेली जनुके दडलेली आहेत. मग कोणी कोणाच्या रक्तात खोट काढायची?

मेंडेल यांचे नाव घेऊन वाईटही घडले. विसाव्या शतकात काही देशांनी आनुवंशिकतेच्या नावाखाली दुबळ्या माणसांना मूल होऊ नये असे कायदे केले. १९३३ मध्ये जर्मनीने केलेला कायदा तर पुढे फार भीषण टोकाला गेला. ज्ञान दोष लावण्यासाठी वापरले की असे होते. ते आधारासाठी वापरावे.

म्हणून काही साध्या गोष्टी. लहान मुलाच्या फोटोत डोळ्याच्या मध्यावर लाल ठिपक्याऐवजी पांढरी चमक दिसली, किंवा डोळा नव्याने तिरळा वाटू लागला, तर नजर लागली म्हणून थांबू नये. त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे. ही गाठ लवकर सापडली तर बहुतेक मुले वाचतात आणि पुष्कळदा डोळाही वाचतो. कुटुंबात आधी कोणाला झाली असेल तर नव्या बाळाची तपासणी जन्मापासूनच करावी. लग्न ठरवताना सिकलसेल आणि थॅलेसेमियाची रक्ततपासणी करून घ्यावी, आणि त्याला कमीपणा मानू नये. गर्भधारणेच्या आधीपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने फोलिक अॅसिडच्या गोळ्या घेतल्या तर मणक्याचे आणि मेंदूचे काही जन्मजात दोष टळतात.

आणि मामाच्या मुलीशी लग्न करण्याच्या आपल्या जुन्या प्रथेविषयीही बोलले पाहिजे. सख्ख्या मामे-आत्ये भावंडांच्या विवाहात जन्मजात दोषाची शक्यता इतरांपेक्षा साधारण दुप्पट असते. ख्रिस्तसभेच्या कायद्यानेही अशा विवाहाला विशेष परवानगी लागते. अर्थात अशा जोडप्यांचीही बहुतेक मुले निरोगीच असतात, तेव्हा ज्यांचे लग्न झालेले आहे त्यांना कोणी घाबरवू नये. गरज वाटल्यास डॉक्टरांकडून आनुवंशिक समुपदेशन घ्यावे.

शेवटची गोष्ट सगळ्यांत सोपी आहे आणि सगळ्यांत अवघडही. आपल्या धर्मग्रामात ज्या घरी असे बाळ आहे, त्या घरी आपण जातो का? गेलो तर काय बोलतो? तरुण फादर ग्रेगर आजाऱ्याच्या उशाशी उभे राहू शकले नाहीत, आणि आपल्यालाही ते अनेकदा जमत नाही. काय बोलावे सुचत नाही म्हणून आपण त्या घराची पायरीच चढत नाही, किंवा चढलो तर नको ते विचारून येतो. पुढच्या वेळी गेलो की बाळाला कडेवर घेऊ या. त्याच्या आईला एवढेच सांगू या, की ताई, यात तुझा काही दोष नाही. हे सांत्वनासाठी बोललेले खोटे नाही. एका धर्मगुरूंनी ७,३२४ दाणे मोजून सिद्ध केलेले ते सत्य आहे.

६ जानेवारी हा फादर मेंडेल यांचा स्मृतिदिन. प्रकटीकरणाच्या सणाला मागींनी दूरवरून येऊन एका बाळापुढे गुडघे टेकले. येत्या सणाला आपल्या प्रार्थनेत आजारी जन्मलेल्या सर्व बाळांची आणि त्यांच्या आयांची आठवण ठेवू या.